काळं पान

मालुबाई ड्रॉइंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा एकाच पेपरात, नक्षीच्या. तांब्या काढायला सांगा, हुबेहूब काढेल. फळ्यावर हातानं गोल काढेल तर कंपासानं लाजावं. पण चौकोनात पानंफुलं भरून नक्षी करा म्हटलं की गाडी चिखलात. बेळगावातल्या एका मुलींच्या शाळेत ती चित्रकलेची तात्पुरती बाई होती. यंदा पास झाली तर कायम, नाहीतर तिच्या जागी दुसरी येणार होती. नवरा प्लेगात गेल्यावर दिवसा आईच्या हातमागावर बसून आणि संध्याकाळी पाटी घेऊन तिनं ही जागा मिळवली होती. ती अशी हातची घालवायला ती तयार नव्हती.

शेवटी गोपाळ मास्तरांनी चोर पकडला. मास्तर मुलांच्या हायस्कुलात वीस वर्षं ड्रॉइंग शिकवत होते, आणि यंदा तिची तयारी तेच करून घेत होते. जिभेनं तिखट, मनानं साधे. त्यांनी तिचे सरावाचे सगळे कागद जमिनीवर मांडले.

"बाई, प्रत्येक कागदावर खालच्या डाव्या कोपऱ्यातलं पान काळं का?"

"तीट हाय ती."

"काय?"

मालुबाई ओशाळली. बेळगावलगतच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत, तिच्या घरचं लुगडं तीट लावल्याशिवाय मागावरून उतरत नसे. पदराच्या कोपऱ्यात काळ्या रेशमाचे चार धागे, दृष्ट लागू नये म्हणून. चित्र पुरं झालं की तिचा हात आपसूक काळ्या रंगाकडं जायचा. आपण असं करतो हे मास्तरांनी विचारेपर्यंत तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, परीक्षकाला तीट दिसत नाही, चूक दिसते! तोल म्हणजे तराजू. डावीकडं जेवढं, तेवढंच उजवीकडं. लय म्हणजे पान-फूल, पान-फूल, मध्ये ठेचकाळायचं नाही. यंदा काळा रंग घरी ठेवून जा."

"व्हय," म्हणून ती घरी आली आणि काळ्याशिवाय तीन नक्ष्या काढून बसली. तिन्ही बिनचूक झाल्या आणि एकही तिला आवडली नाही. डोळा कुठं थांबतच नव्हता. दार उघडं, दिवा लावलेला आणि घरात कोणी नाही, असं ते वाटत होतं. तिला स्वतःचाच राग आला. पास व्हायचं सोडून हे काय खूळ?

आई जयाबाईनं मागावरचा धोटा थांबवून कागद पाहिले. "तीट न लावता भाईर धाडू नगंस, मालू."

"मास्तर म्हणत्यात, तोल जातोय."

"मग तोल सांभाळ की गं. तीट कशाला टाकतीस?"

सकाळी जयाबाई विहिरीवरून भरली कळशी घेऊन आली. कळशी एका हातात, अंग दुसऱ्या बाजूला कललेलं, मोकळा हात लांब पसरलेला. दोन्हीकडं सारखं काहीच नव्हतं, तरी म्हातारी पडत नव्हती. मालुबाई उंबऱ्यातच उभी राहून बघत राहिली. मास्तरांच्या तराजूत ही गोष्ट बसत नव्हती.

परीक्षेच्या हॉलमध्ये सगळ्यांनी आधी चौकोनाचे कर्ण आखले. मालुबाईनं आधी काळा रंग घेतला. खाली डाव्या कोपऱ्याजवळ अंगठ्याएवढं एक पान भरलं आणि मग बाकीचं सगळं त्याच्यासाठी काढलं. वर उजवीकडं लांब जाणारी फांदी, तिच्यावर लहान होत गेलेली फुलं, आणि मधे भरपूर कोरी जागा.

देखरेखीचे वयस्कर गृहस्थ तिच्या बाकापाशी थबकले. "बाई, शाई सांडली वाटतं. कोरा कागद देतो, अजून तास आहे."

आजूबाजूच्या माना वळल्या. कोऱ्या कागदावर दोन सारखे भाग काढले की सुटका होती, नोकरी होती. तिनं कागद घेतला नाही.

"डाग न्हाय तो," ती म्हणाली. "बोट ठिवून झाका बघू."

त्यांनी अंगठा ठेवला, तशी सगळी फांदी उजवीकडं कोसळायला आली. अंगठा उचलला, फांदी सावरली. त्यांनी पुन्हा झाकलं, पुन्हा उचललं. मग कोरा कागद घेऊन पुढच्या बाकाकडं गेले.

दोन महिन्यांनी यादी लागली. मालुबाई पास झाली होती. बातमी घेऊन मास्तर स्वतः वडगावात आले आणि घाम पुसत मागाशेजारी टेकले. परीक्षेतली नक्षी त्यांनी मुद्दाम तिला कागदावर पुन्हा काढायला लावली, बराच वेळ न्याहाळली. आपण वीस वर्षं अर्धंच शिकवलं, असं ते मोकळेपणानं म्हणाले. मग मात्र त्यांचा तिखटपणा जागा झाला.

"पण बाई, नापास झाला असता तर? जागा गेली असती की हो."

"गेली असती." मालुबाईनं कुंचला धुतला. "मागावर बसले असते, फी साठवली असती आन् चौथ्यांदा पेपरला गेले असते. तवाबी पयलं काळं पानच काढलं असतं, मास्तर."