कुंडलिक सरांचा पाहुणा

पंच्याण्णव साली ठाकुर्लीच्या कुंडलिक सरांना एकच वेड होतं, गुरुत्वलहरीचं. दोन जड तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत आदळले की उठणारी ही लहर तोवर जगात कुणाच्याच हाती लागली नव्हती. कॉलेजातून निवृत्त झालेले सर एका परदेशी प्रयोगाच्या नोंदी मागवायचे आणि पीसीपुढे बसून नोंदींतल्या खरखरीतून ती लहर शोधायचे. बायको गोदूबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांना खरखर ऐकू येते, कुकरची शिट्टी तेवढी येत नाही!"

त्यांची जुनी विद्यार्थिनी हेमा ठाण्याच्या वागळे इस्टेटीत एका कंपनीत प्रोग्रामर होती. परदेशातून नोंदी तिच्याच ऑफिसात यायच्या आणि शोधाचा प्रोग्रामही तिनेच लिहिलेला. तो नीट चालतो की नाही हे बघायला ती नोंदींत एक खोटी लहर मिसळून द्यायची, कुठे ते न सांगता. सर शोधून काढायचे, मग ती कबूल करायची. त्या खोट्या लहरीला दोघं 'पाहुणा' म्हणायचे. चाचणी नसेल तेव्हा मात्र पाहुणा आणायचा नाही, हा नियम.

आणि नेमकी तिथेच तिने माती खाल्ली. शुक्रवारी इस्टेटीची वीज बंद, म्हणून गुरुवारी घाईघाईत तिने नव्या नोंदी फ्लॉप्यांवर चढवून सरांकडे पोचवल्या आणि सेटिंगमधली पाहुण्याची ओळ बंद करायची राहून गेली. ताऱ्यांचं वजन, अंतर, वेळ, सगळं पुढच्या चाचणीसाठी तिथे भरून ठेवलेलं.

शनिवारी ऑफिसात ती ओळ नजरेस पडली तशी तिने सरांना फोन लावला, तो सारखा एंगेज. मग वर्तकनगरला स्वतःच्या घरी केला, तर आई म्हणाली, "अगं, सरांचा फोन आलेला. सापडली म्हणे! बोलता बोलता रडले गं ते."

हेमा तशीच ठाकुर्लीला गेली. दारातच गोदूबाईंनी तिच्या तोंडात पेढा कोंबला. सर इस्त्रीचा शर्ट घालून घरभर फिरत होते. आता ह्या माणसाला सांगायचं कसं? चहा होऊ दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. मेला तो चहा! तेवढ्यात कॉलेजातले जुने सहकारी येऊन थडकले. सरांनी स्क्रीनवरच्या आलेखातला लहरीचा उंचवटा दाखवला. दौलत नावाचे एक प्राध्यापक सरांच्या पाया पडायला वाकले आणि हेमाच्या तोंडून निघून गेलं, "सर, तो पाहुणा आहे. माझ्याकडून बंद करायचा राहिला."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते मोठ्यांदा हसले.

"बघितलंत? ही पोरगी मलासुद्धा गंडवते! प्रोग्रामची परीक्षा होती हो, पास झाला. घ्या, पेढे घ्या."

त्यांनी हेमाला एका शब्दानेही बोल लावला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

त्यानंतरही ती नोंदी देत राहिली, ती ओळ पुन्हा पुन्हा तपासून. पुढच्या दिवाळीनंतर सरांनी बोलावलं. स्क्रीनवर एक उंचवटा होता, बारीकसा, पण सुरेख. हेमा बघतच राहिली.

"झकास ठेवलायस ह्या वेळी," सर म्हणाले.

"सर, मी काही ठेवलेलं नाही. आईशप्पथ."

"असू दे गं." त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि पीसी बंद केला. "चल, गोदूने पोहे केलेत."

यंत्राची खोड असेल, कुठला तरी हादरा असेल, ती लहर नसेलच बहुतेक. पण पूर्वी असल्या उंचवट्यापायी सर जेवणखाण विसरायचे, आणि आज त्यांनी तो तपासलासुद्धा नाही. हेमाने पोह्यांची बशी हातात घेतली. बंद पीसीकडे बघत ती ते नुसते चिवडत राहिली.