चार पुड्या आणि एक रविवार

आठवड्यातले सहा दिवस माझे विटांच्या भट्टीचे. सातव्या दिवशी सकाळ देवाची आणि संध्याकाळ गाईची. मधे उरतात चार तास. त्या चार तासांत मला तिप्ले वाजवायची असे, लाकडाचा संत अंतोनियो कोरायचा असे, ओदिलियाबाईंच्या वर्गात अक्षरं गिरवायची असत आणि क्लोदोमिरोच्या अंगणात तेहो खेळायचा असे.

तिप्लेला बारा तारा. त्या जुळवता जुळवता दोन तास जात, आणि मांडीवर घ्यावी तोवर पुन्हा उतरत. अंतोनियो आठ वर्षांत कंबरेपर्यंतच लाकडाबाहेर आला होता. पुस्तकाच्या अकराव्या पानावर माझी गाडी रुतली होती. तेहोत मात्र माझा हात बसला होता, असं मी म्हणे. दुसरं कोणी म्हणत नसे.

एका रविवारी या चौघांची मर्जी राखता राखता अंधार झाला. घरी आलो तर गाय हंबरून थकलेली. माझी बायको एतेल्विना चर्चच्या झग्यातच धार काढायला बसली होती आणि तिच्या पाठीवर खुराचा ठसा होता.

आमच्या डोंगरात नवरा-बायको भांडतानासुद्धा एकमेकांना अहो-जाहो करतात. त्यामुळे शिवी खोल जाते.

"अहो, तुम्हाला चार छंद आणि मला एक गाय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपर्यंत एक ठेवा, तीन सोडा. नाहीतर तुमची तिप्ले चुलीत जाईल. अंतोनियोही जाईल, चांगला वाळलाय तो."

"संताला जाळणार तुम्ही?"

"अर्ध्यालाच."

आठवडाभर मी विटा रचल्या आणि मनात छंद मोडले. एकही मोडेना. शेवटी तेहोच मदतीला आला. या खेळात मातीच्या उतारावर लोखंडी कडं पुरतात, कड्यावर बारुदीच्या तिकोनी कागदी पुड्या ठेवतात आणि पंचवीस पावलांवरून लोखंडी चकती फेकतात. चकती पुडीवर बसली की धडाम. मी वहीचं पान फाडून चार पुड्या केल्या आणि प्रत्येकीवर एका छंदाचं नाव लिहिलं. उडेल तो छंद गेला, शेवटी उरेल तो राहिला.

"निवाडा देवाच्या हाती," मी एतेल्विनाला म्हणालो.

"देवाचं ठीक आहे. तुमच्यावर लक्ष ठेवायला मी येते."

तिला माहीत नसलेली गोष्ट एवढीच, की तेहोच्या पुडीत मी बारूद घातली नव्हती. भट्टीतली विटांची भुकटी घातली होती.

रविवारी सगळं अंगण जमलं. माझी पहिली चकती कड्याबाहेर चिखलात गेली, दुसरी मागच्या फळीवर, तिसरी क्लोदोमिरोच्या कोंबड्यांत.

"हात बसलाय ना तुमचा?" एतेल्विनाने विचारलं. "कुठे बसलाय, दाखवा तरी."

"वारा आहे."

"द्या ती इकडे. गाय वाट बघतेय."

तिने जन्मात चकती धरली नव्हती. पोळी टाकावी तशी टाकली. चकती थेट कड्याच्या मधोमध रुतली आणि धडाम, धडाम, धडाम! धूर, आरडाओरडा, कोंबड्या छपरावर. असा कडं आणि पुडी एकदम साधणारा नऊ गुणांचा फटका मला चाळीस वर्षांत दोनदाच जमला होता, आणि त्यातल्या एकाला साक्षीदार नाही.

कड्यावर एकच पुडी उरली होती. एतेल्विनाने ती उचलून मला दिली.

"वाचा."

"तेहो," मी गंभीर चेहऱ्याने वाचलं. "आता देवाचीच मर्जी!"

तिने पुडी परत घेतली, कानाशी हलवली आणि उघडली. तांबडी भुकटी तिच्या तळव्यावर सांडली. एकेचाळीस वर्षं माझे सदरे धुणाऱ्या बाईला ती भुकटी ओळखायला चष्मा लागत नाही.

"देवही तुमच्याच भट्टीवर कामाला आहे वाटतं."

क्लोदोमिरोच्या नाकातून बिअर आली. चारही गेले, असं मी धरून चाललो.

"वहिनी, आता काय शिक्षा?" त्याने विचारलं.

"शिक्षा कसली? शब्द तो शब्द. तेहो उरला, म्हणजे तेहो राहिला." तिने चिखलातून चकती उपसली आणि पदर नसल्यामुळे माझ्याच सदऱ्याला पुसली. "पण तो यांच्याकडे राहिला असं कुठे लिहिलंय?"

पुढच्या रविवारपासून क्लोदोमिरोच्या संघात एतेल्विना आली आणि मी बाहेर. मला खडू मिळाला, फळ्यावर गुण मांडायला. पहिल्याच दिवशी माझा नऊ इतरांनी सहा वाचला आणि तिचे तीन गुण बुडाले.

"ओदिलियाबाईंकडे जा तुम्ही," ती सगळ्यांदेखत ओरडली. "नियमित जा! माझं नुकसान होतंय."

म्हणून आता दोन तास वर्ग आणि दोन तास फळा. एकोणिसाव्या पानावर पोचलोय. तिप्ले खुंटीवर आहे. संत अंतोनियो दाराशी उभा आहे, कंबरेपर्यंतच, आणि त्याच्या डोक्यावर एतेल्विनाची चकतीची पिशवी लटकते. संध्याकाळची धार मी काढतो. तिचा खांदा दुखतो म्हणे.