दुसरी सुई

माझा धाकटा भाऊ मुलांचा डॉक्टर आहे. घरात त्याला कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे 'डॉक्टर' म्हणतात. लहानपणी साध्या इंजेक्शनला पलंगाखाली लपणारा हाच, म्हणून त्या हाकेत थोडी चेष्टा असते. असायची.

माझ्या मुलीला, मुंगीला, दुपारी ताप भरला, उलट्या झाल्या, डोकं दुखतं म्हणून ती रडायला लागली. मी तिला उचलून थेट भावाच्या हॉस्पिटलात नेलं. त्या आठवड्यात त्याच्याकडे मेंदूच्या आवरणाला सूज आलेली बरीच मुलं होती, सगळी व्हायरसची, आपोआप बरी होणारी. "सूज व्हायरसची असेल तर वाट पाहायची, ताई," त्यानं मला समजावलं. "जिवाणूंची असेल तर एक तासही घालवायचा नाही. जिवाणू असले की रक्तातला सीआरपी, म्हणजे सुजेचा आकडा, चढतो."

मुंगीचा सीआरपी कमी आला. मी देवाला हात जोडले.

पण सीआरपी चढायला वेळ लागतो. ताप नुकताच आलेला असेल तर पहिला रिपोर्ट साळसूद दिसतो. म्हणून काही तासांनी रक्त पुन्हा घ्यायचं, शंका असेल तर पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायचं आणि तोवर अँटिबायोटिक द्यायचं. हा नियम माझ्या भावाचाच. हाताखालच्या डॉक्टरांना तो सारखा बजावायचा, "पहिल्या रिपोर्टवर भाळू नका रे."

संध्याकाळी सिस्टर पुन्हा रक्त घ्यायला सुई घेऊन आल्या. मुंगीनं मामाच्या गळ्याला मिठी मारली. "मामा, सुई नको. तू सांग ना त्यांना!"

दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर त्यानं स्वतः हात धरला असता. "राहू द्या सिस्टर," तो म्हणाला, "सकाळी बघू. व्हायरसच आहे." आणि मुंगीला म्हणाला, "नाही टोचणार. मामाचा शब्द." मला केवढं कौतुक वाटलं त्याचं! मामा असावा तर असा, असं मी आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

सकाळी मुंगी हाकेला डोळे उघडेना. सीआरपी कुठल्या कुठे चढला होता. पाठीतलं पाणी गढूळ निघालं, म्हणजे जिवाणूच. मग सगळी धावाधाव. पोर वाचली, पण दोन्ही कान गेले. संध्याकाळीच औषध सुरू झालं असतं तर कान राहिले असते का, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. ते 'कदाचित' मला जास्त छळतं. मी भावाला वाट्टेल ते बोलले. माझ्या जिभेला हाड नाही.

आज कानात ऐकायचं यंत्र बसवायच्या ऑपरेशनआधी रक्त घ्यायचं होतं. सिस्टर दिसताच मुंगीनं हात मागे ओढला. भाऊ दाराशी उभा होता, आत यायला धजत नव्हता. मीच म्हणाले, "ये डॉक्टर. हात धर तिचा."

त्यानं धरला, घट्ट. सुई गेली तशी ती कळवळली, पण त्यानं हात सोडला नाही. मग तिच्या केसांत तोंड खुपसून तो रडत रडत म्हणाला, "चुकलो गं, मुंगे. तेव्हाच टोचायला हवं होतं."

त्याचे ओठ हललेले तिला जाणवले असावेत. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मामा, मोठ्यानं बोल ना," ती म्हणाली.