बिनकिल्लीच्या पेटीची किल्ली

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. दागिन्यांची नव्हे, मोटरसायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून गावभर हिंडणारी. झाशीच्या उन्हाने माझा काळा रंग करडा झाला आहे आणि झाकणावर एक ओरखडा आहे. तो एका माकडाने काढला, मी कुठे आपटले नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म साच्यात झाला. मग मानिक चौकातल्या एका दुकानात मी आठ महिने टांगून होते. तिथून दामोदर मला घेऊन गेला. तो शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी करतो आणि तिथल्याच वसाहतीत बायको मृदुला आणि मुलगी कश्मिरा यांच्यासह राहतो. त्याचा डबा, रेनकोट, कधी समथरच्या बाजारातली भाजी, सगळं मी पोटात घेऊन फिरले.

कारखान्याच्या फाटकावर मात्र माझी रोज फजिती व्हायची. पहारेकरी म्हणायचा, "बाबूजी, डिब्बा खोलिए." माझी किल्ली गाडीच्या किल्लीच्याच कडीत होती. म्हणजे गाडी बंद करा, किल्ली काढा, माझ्या कुलपात फिरवा आणि ते धुळीने अडलं की मागच्यांचे हॉर्न ऐका. शेवटी एक दिवस किल्ली आतच तुटली. मग दामोदरने मला नवं कुलूप बसवलं. खिशात सुपारीएवढा रिमोट असला की नुसतं माझ्या अंगावरचं बटण दाबायचं, मी उघडते. झाकण पाडलं की आपोआप बंद होते. पहारेकरी म्हणाला, "वाह बाबूजी, जादू का डिब्बा!" त्या दिवसापासून मी जरा शिष्ट झाले, खोटं कशाला बोलू?

त्या कुलपाबरोबर अडीअडचणीसाठी एक किल्लीही मिळाली होती. तिचं भोक रबराच्या टोपणाखाली लपलेलं आहे. दामोदरच्या घरची रीत अशी, की नव्या कुलपाची एक किल्ली दसऱ्याला पूजेत ठेवायची आणि मग घरातल्या थोरल्या बाईच्या हाती द्यायची. थोरल्या म्हणजे कमलकाकू. त्या आणि रघुनाथकाका मानिक चौकामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतात.

"काकू, ही नुसती नावाला हं," दामोदर हसत म्हणाला. "याला किल्ली लागतच नाही."

"असू दे," म्हणत काकूंनी ती आपल्या जुडग्यात ओवली. पुढे तिची आठवण कुणालाच राहिली नाही, मलासुद्धा नाही.

घरच्या गौरी पूर्वी काकूंकडेच बसत. त्यांचे गुडघे गेले तशा गौरी वसाहतीत आल्या. पण एक मान काकूंकडेच राहिला. आवाहनाच्या दिवशी दोन्ही पितळी मुखवट्यांच्या डोळ्यांत काजळ भरायचं ते त्यांनीच. दामोदरने मुखवटे सोवळ्यात काकूंकडे न्यायचे, काजळ भरलं की परत आणायचे आणि मगच गौरी उभ्या राहायच्या. गेल्या वर्षी डॉक्टरांनी काकूंना काचबिंदू सांगितला. नजर भराभर कमी होत होती. "दामू, यंदा दिसतंय तेवढ्यात भरून घेते रे," त्या फोनवर म्हणाल्या.

त्या सकाळी त्याने मला धुऊन पुसून उघडं ठेवलं, आत कोरा खण अंथरला. मग आंघोळ करून सोवळं नेसला, मुखवटे आणून ठेवले आणि झाकण पाडलं. कुलूप लागलं. गाडीची किल्ली गाडीलाच होती. डोक्यावर हेल्मेट आणि खाली रेशमी सोवळं अशा थाटात तो निघाला. छावणीतल्या शांत रस्त्यावर दोन जवान त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसले. मलाही हसू येत होतं.

गल्लीत पोचलो. दामोदरने बटण दाबलं. मी उघडेना. पुन्हा दाबलं. मग त्याचा हात कमरेशी गेला. सोवळ्याला खिसा कुठला? रिमोट, फोन, पाकीट, सगळं घरी खुंटीवरच्या पँटमध्ये! घर पंधरा किलोमीटरवर, आवाहनाची वेळ साडेबारापर्यंत आणि आता अकरा वाजलेले. घरी जाऊन रिमोट आणायचा, तर परत काकूंकडे यायला वेळ कुठला उरणार? म्हणजे यंदा काजळ राहून जाणार. आणि पुढच्या वर्षी काकूंना दिसेल याची खात्री कोण देणार?

काकूंकडे स्वयंपाकाला येणारी दुर्गा धावत जाऊन कुलूपवाल्याला घेऊन आली. त्याने मला ठोकून पाहिलं. "भैया, अब तो तोड़ना ही पड़ेगा." छिन्नी माझ्या कडेला टेकली. मित्रांनो, मला भीती माझी नव्हती. आतले मुखवटे चेपतील याची होती.

इतक्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला. "दामू, कसला गोंधळ रे?"

दामोदर मान खाली घालून म्हणाला, "काकू, चुकलो. पेटी उघडत नाही. रिमोट घरी राहिला."

"मग मला नाही का विचारायचं? किल्ली कुणाकडे दिली होतीस?"

काकूंनी जुडगा हातात घेतला. डोळे मिटूनच त्या एकेक किल्ली चाचपू लागल्या. "ही कोठीची... ही कपाटाची... हं, ही दसऱ्याची. हिला दात एकाच बाजूला." भाजीची टोपली दोरीने खाली आली. त्यात अख्खा जुडगा होता.

किल्ली फिरली आणि मी उघडले. दामोदरने मला गाडीवरून सोडवलं आणि दोन्ही हातांत धरून दोन जिने चढला. काकूंनी खिडकीच्या उजेडात मुखवटे मांडीवर घेतले. मुखवटा अगदी डोळ्यांशी धरून त्यांनी काजळ भरलं. धाकट्या गौरीच्या एका डोळ्यातली रेघ जाड झाली. रघुनाथकाका काही सांगायला गेले, तेव्हा दामोदरने हळूच मान हलवून त्यांना थांबवलं.

बाराला दहा कमी असताना आम्ही घरी पोचलो. कश्मिरा फाटकातच उभी होती. "बाबा, मैं कब से फोन कर रही हूँ, तो तुमच्या पँटमध्येच वाजत होता!" मग मुखवटे बघून म्हणाली, "एक डोळा मोटा झाला आहे. ठीक करूँ?"

"हात लावू नकोस," दामोदर म्हणाला. "काकूंनी भरलंय ते."

यंदाही आम्ही गेलो. काकूंना आता जवळजवळ दिसत नाही. काजळ त्या बोटाने चाचपून भरतात. दामोदर हुशार झाला आहे, त्याने रिमोट जानव्याला बांधला होता. नुसतं बटण दाबलं असतं तर मी लगेच उघडले असते. पण गल्लीत उभं राहून त्याने हाक मारली, "काकू, किल्ली सोडा हो! पेटी उघडत नाही!"

मी बंदच राहिले. वर जुडगा खुळखुळला. "येतच नाही ह्याला काही माझ्यावाचून," असं म्हणत काकूंनी टोपली सोडली.

मित्रांनो, नव्या सोयी खुशाल वापरा, मीही त्यांतलीच आहे. पण माझ्यासारखी पेटी तुमच्याकडे असेल तर तिच्या किल्लीच्या भोकात अधूनमधून तेलाचा थेंब सोडा. आणि ती किल्ली ज्यांच्याकडे दिली आहे, त्यांच्याकडे वर्षातून एकदा तरी मागायला जा.