एकेचाळिसावं दार

वीज गेली आणि दोन मिनिटांत आली. ती सर्व्हरच्या खोलीत शिरली, मागे दार लागलं, ते उघडेचना. इमारतीतली चाळीस दारं कार्डाने उघडत. त्यासाठी प्रत्येक दार आधी सर्व्हरशी जोडलेलं असावं लागे. ते काम पाहणारा प्रोग्राम तिनेच गेल्या आठवड्यात लिहिला होता.

काचेपलीकडे बाबा उभे होते. जन्मभर कुलपं दुरुस्त केलेला माणूस. आज आले होते ते तिचा घरी राहिलेला चष्मा द्यायला.

“हत्यारं आणू का गं?”

“येईपर्यंत तास जाईल, बाबा!”

तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरच्या कागदपत्रांच्या खोलीतून म्हातारे कारकून बोलत होते. “पोरी, मी पण अडकलोय. दम लागलाय. दम्याचा पंप बाहेर टेबलावर राहिला.”

तिने सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. मग पडद्याला नाक लावून ती नोंदी वाचू लागली. जोडलेलं दार एकच!

आता उमगलं. जोडून घ्यायला एखादं दार आल्याची खूण मिळाली की तिचा प्रोग्राम एकाला आत घेई आणि दुसऱ्या कामाला लागे. वीज आल्यावर चाळीसही दारं एकदम आली, खूण मात्र एकदाच मिळाली. उरलेली एकोणचाळीस उंबऱ्यावर ताटकळत होती.

“येतील तेवढी सगळी घे,” असं तिने लिहून दिलं. चाळीसही जोडली गेली. तिने कार्ड लावलं. दार ढिम्म.

फोनवर नुसती घरघर ऐकू येत होती. “आजोबा, बोलत राहा!”

“बोलू... कसा?”

घाम डोळ्यांत उतरला. चाळीस घेऊन प्रोग्राम एकेचाळिसाव्याची वाट बघत खिळून बसला होता. कार्डाकडे बघणार कोण? तिने एक ओळ घातली: कुणी नसेल तर थांबू नकोस, मागे फीर.

खट्.

ती बाबांच्या अंगावरून जिना चढत धावली. टेबलावरचा पंप उचलला, दार उघडलं. कारकून भिंतीला टेकून बसले होते, ओठ निळसर पडले होते. पंप दोनदा ओढल्यावर त्यांना कंठ फुटला.

“तुझं दार फारच शहाणं आहे, बाई.”

ती हसली नाही. तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

“चूक माझी होती, सुधारली. पण आतून हाताने उघडणारी कडी प्रत्येक दाराला हवी. तोवर या इमारतीतलं एकही दार मी लागू देणार नाही.”

साहेब काही बोलायच्या आत तिने त्यांच्या दारात खुर्ची अडकवली.