उलटा शिक्का

"हे वाक्य कोणी घातलं?" गुणवंतने अहवाल सत्यजितच्या टेबलावर आपटला.

"मीच. काय चुकलंय?"

'किनाऱ्याकडील जमीन रिकामी आहे.' एवढंच वाक्य. कॅरिबियनमधल्या एका बेटावर, राजधानीला चिकटून असलेल्या नगरपालिकेची ओळख करून देणारा हा अहवाल गुणवंतने महिनाभर खपून लिहिला होता. तिथलं अर्धं गाव सकाळी राजधानीची हॉटेलं झाडायला जातं आणि राजधानीचा कचरा संध्याकाळी गावात येतो. ओसाकातल्या या कंपनीला तिथे कचरा जाळायचा कारखाना उभारायचा होता. पालिकेतल्या लीलावतीबाईंनी, ज्यांचे पणजोबा भारतातून ऊसतोडीला गेले होते, फोनच्या कॅमेऱ्यातून गुणवंतला अख्खा किनारा फिरून दाखवला होता.

"तिथे वस्ती आहे, सत्यजित. शाळा आहे. मी लिहिलं होतं."

"सर, ओव्हरव्ह्यू आहे हा, जनगणना नाही. आणि नेमावाशी झालीये. सगळे हो म्हणालेत."

नेमावाशी म्हणजे मीटिंगच्या आधीच एकेकाला गाठून होकार मिळवायचा. मग मीटिंगमध्ये नुसत्या माना डोलवायच्या. आरडाओरडा नसतो म्हणून गुणवंतला एरवी ही पद्धत आवडायची. आज त्याच्या डोक्यात तिडीक गेली. उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक, आणि खाली शेळ्या आहेत हेही कबूल करायची तयारी नाही.

"एप्रिलमध्ये तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल आहे," सत्यजित आवाज खाली आणून म्हणाला. "तुमच्या मुलीची शाळा इथेच पूर्ण करायचीय ना? मारा शिक्का, विषय संपवा."

मंजुरीच्या कागदावर सहीऐवजी मारलेले सगळ्यांचे नावाचे शिक्के साहेबांच्या चौकोनाकडे जरा कललेले होते, कमरेत वाकल्यासारखे. गुणवंतने आपला शिक्का काढला आणि उलटा मारला. या ऑफिसात त्याचा अर्थ एकच होता, मला मान्य नाही.

"उलटा लागलाय, सर."

"लागला नाही. मारलाय."

"याने काही थांबणार नाही."

खरंच थांबलं नाही. दुपारी कागद मंजूर होऊन आला. कोणी त्याला एक शब्द विचारला नाही, आणि त्याचाच गुणवंतला सगळ्यात जास्त राग आला. भांडले असते तरी चाललं असतं.

संध्याकाळी स्टेशनबाहेर उभं राहून त्याने लीलावतीबाईंना फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. काहीही न लपवता त्याने सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज शाळेला रंग द्यायला मंडळी जमलीत. डबे उघडून बसलीत. काय सांगू त्यांना? देऊ की नको?"

"द्या," गुणवंत म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की शेजारून जाणारी माणसं बाजूला सरकली. "आधी छपरावर चढा. पत्र्यावर शाळेचं नाव लिहा, विमानातून वाचता येईल एवढं मोठं."