सहावी ओळ

तिनं तक्त्यामागचा दिवा लावण्याआधीच म्हाताऱ्यानं सहावी ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

"न, र, ट, ग, ल, प, द."

बटणावर बोट ठेवून ती तशीच थांबली. मागे वळून पाहिलं, तर आजोबा डाव्या डोळ्यावर तळहात धरून, गुरुजींनी उभं केल्यासारखे ताठ बसलेले. समोरच्या भिंतीवर अजून काहीच दिसत नव्हतं. तिनं दिवा लावला. तक्त्यावरच्या सहाव्या ओळीत भलतीच अक्षरं होती.

"आजोबा, तक्ता आत्ता लावलाय मी."

"हो का?" ते जरा ओशाळले. "मग दुसरा डोळा झाकू?"

या खुर्चीत बसून लबाडी करणारे तिनं वीस वर्षांत पुष्कळ पाहिले होते. परवाना हवा असलेले ट्रकचालक बाकावर बसल्या बसल्या दुसऱ्याचं ऐकून तक्ता पाठ करत. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला कसला परवाना काढायचा होता? नाव लिहून घेताना त्यांनी धंदा सुतारकाम सांगितला होता, दहा वर्षांपूर्वी सोडलेला. राहायला तीन तासांच्या वाटेवर. एकटेच बसनं आले होते.

"तुमच्याकडे डोळे तपासणारं कोणी नाही का?" तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर बसवत तिनं विचारलं.

"दोघं आहेत की. त्यातला एक तर माझा नातजावई."

"मग इतक्या लांब?"

सुतार आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिला उघडून बघायची गरज नव्हती. गेल्या आठवड्यात पासष्ट वर्षांपूर्वीच्या लढाईत गेलेल्यांचे फोटो छापून आले होते, आणि ते पान दुकानाच्या गल्ल्यामागे तिनं आणि बाबांनीही चिकटवलं होतं. दुसऱ्या रांगेत तिचे मोठे काका. वय एकोणीस, कान बाहेर आलेले, डोळ्यांवर चष्मा नसल्यामुळे जरा भांबावलेले. खाली एक ओळ होती: धाकटे बंधू चष्म्यांचं दुकान चालवतात.

"मी त्याच्या बरोबर होतो," आजोबा म्हणाले. "आम्ही त्याला मास्तर म्हणायचो."

दुकानाच्या मागच्या भागात, अर्ध्या उंचीच्या लाकडी आडोशापलीकडे, तिचे बाबा काचा घासत बसले होते. दिवसभर चालणारा चाकाचा खरखराट आताही चालू होता.

मोठ्या काकांबद्दल घरात फारसं काही शिल्लक नव्हतं. एक फोटो आणि एक तार, एवढंच. बाबांना आपल्या दादाची म्हणून एकच आठवण होती: त्याच्या खांद्यावर बसून दाराच्या चौकटीला हात लावल्याची. बाकी जे होतं तो आजीचा राग. चष्म्याशिवाय काकांना हाताच्या अंतरापलीकडचं धड दिसत नसे. समोरून शेळी येते आहे की कुत्रं, हे ते आवाजावरून ओळखत. असा मुलगा सैन्यात भरती झालाच कसा? "त्याला पास केला त्या मेल्याचे डोळे होते की खाचा?" आजी हे शेवटच्या आजारपणातही म्हणत होती. बाबांनी चष्म्यांचा धंदा धरला तो याच एका गोष्टीपायी, असं तिची आई सांगे. बाबा स्वतः त्यावर कधी बोलले नव्हते.

"मास्तर का?" तिनं विचारलं.

"सगळ्यांची पत्रं तोच लिहायचा ना. वाचूनही दाखवायचा. कागद असा नाकाला लावून." आजोबांनी तळवा चेहऱ्यासमोर धरला. "एकानं बायकोला लिहायला सांगितलं, 'मी खुशाल आहे.' मास्तर म्हणाला, एवढंच? आणि आपल्या मनानं दोन पानं लिहून दिली. त्या बाईचं उत्तर आलं, की तुम्ही इतकं गोड बोलायला कुठं शिकलात, आणि कुणाकडून?"

ती हसली. तेही हसले, पण लगेच थांबले. फ्रेममधल्या काचांमागे त्यांचे डोळे मोठे आणि ओले दिसत होते.

"पोरी, मी डोळे दाखवायला आलेलो नाही. घरी तसं सांगून निघालो एवढंच. ती ओळ म्हटली ना मी, ती मी त्याला सांगितली होती."

"कुठली ओळ?"

"सहावी. भरतीच्या दिवशी. एका शाळेच्या खोलीत तपासणी होती. डॉक्टर घाईत. वरच्या ओळी विचारतच नव्हता, सहावी म्हणा आणि पुढे व्हा. मी पुढे, तुझा काका माझ्या मागे. मी तोवर त्याला ओळखतही नव्हतो. वाचून परत वळलो तर यानं माझी बाही धरली. म्हणाला, 'सहावी ओळ काय आहे, सांग ना.' मी सांगून टाकली, न, र, ट, ग, ल, प, द. मला वाटलं, यात काय मोठं! त्यानं तेवढ्यात पाठ केली. एक डोळा झाकून म्हणाला, दुसरा झाकून म्हणाला. 'ल'पाशी जरा अडखळलासुद्धा, खरं वाटावं म्हणून."

आडोशापलीकडचा चाकाचा आवाज थांबला होता. तिच्या ते लक्षात आलं, आजोबांच्या नाही.

"दीड वर्ष आम्ही बरोबर होतो," ते म्हणाले. "मग माझ्या मांडीत गोळी लागली. भर दुपारी, उघड्या उतारावर. बाकीचे पुढे गेले होते. मास्तर मागे फिरला, मला पाठीवर घेतलं. त्या धडपडीत त्याचा चोरून बाळगलेला चष्मा कुठं पडला कोण जाणे. आता मला चालता येईना आणि त्याला दिसेना. मी पाठीवरून सांगायचो, डावीकडे दगड आहे, आता उतार आहे, आता पाणी. दोन मैल. शाळेतल्या गोष्टीतले आंधळा नि पांगळा होतो आम्ही. तो मधेच हसायला लागला. मी म्हटलं, हसतोस काय रे? तर म्हणाला, 'तू बाजूला असलास की मला सगळं दिसतं बघ.'"

तिनं फ्रेम हळूच त्यांच्या नाकावरून काढून घेतली.

"मी इस्पितळात होतो तेव्हा तो गेला. तीन आठवड्यांनी. सांगणारा म्हणाला, सगळ्यांनी झटकन जमिनीवर अंग टाकलं, मास्तर एकटाच उभा राहिला. त्याला दिसलंच नसणार." त्यांनी हात मांडीवर ठेवले. डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. "मला चार मुलं झाली. अकरा नातवंडं. घर बांधलं, आयुष्यभर दुसऱ्यांची दारं-खिडक्या केल्या. हे सगळं त्या दोन मैलांवर उभं आहे. त्याचे उपकार मानायला तोंड उघडलं, की ती ओळ आठवते. मी गप्प बसलो असतो तर त्याला घरी पाठवला असता. तो जगला असता. आणि मी नसतो. पासष्ट वर्षं झाली, हे गणित मला सुटत नाही. त्याच्या घरच्यांना एकदा सांगावं, एवढ्यासाठी आलो."

बाबा बाहेर आले. अंगावर काचेच्या पांढऱ्या भुकटीनं माखलेला एप्रन तसाच होता. आजोबांना उठायचं होतं, पण खुर्ची खोल होती. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि समोर स्टूल ओढून घेतलं. आजीचे शब्द आता बाहेर पडतील असं तिला वाटलं. तिनं उगाच काचांची पेटी पुढ्यात ओढली.

"न, र, ट, ग," बाबा म्हणाले. "ल, प, द. हीच ना?"

आजोबांनी मान हलवली.

"त्याला ती आधीच पाठ होती."

"काय?"

"मीच करून घेतली होती. आमच्या इथल्या दवाखान्यात तोच तक्ता होता. शाळा सुटली की मी खिडकीतून बघून पाटीवर उतरवायचो. आठ दिवस म्हणून घेतलं त्याच्याकडून. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणाला असता."

हातातली काच तिनं पेटीत भलत्याच खाचेत ठेवली.

आजोबा बाबांकडे बघत होते.

"मग मला कशाला विचारलं त्यानं?" ते म्हणाले.

बाबांना क्षणभर सुचलं नसावं. त्यांनी एप्रनला हात पुसले.

"परीक्षेला बसताना सगळं पाठ असलं तरी आपण शेजारच्याला विचारतोच की. खात्री करून घ्यायला."

"खात्री करून घ्यायला," आजोबा म्हणाले.

"तो जाणारच होता. तुम्ही सांगितलं नसतं तरी गेला असता. आणि गेला नसता, तर तुम्हाला कुणी उचललं असतं?"

सुतार आजोबांनी दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. त्यांचे खांदे हलत होते. बाबांनी हात सोडवून घेतला नाही. ती पाणी आणायला म्हणून आत गेली आणि भरलेला पेला हातात घेऊन आडोशामागे जरा वेळ उभी राहिली.

बाहेर आली तेव्हा बाबांनी स्टूल आणखी जवळ ओढलं होतं.

"आता मला सगळं सांगा," ते म्हणत होते. "आवाज कसा होता त्याचा?"

त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकं आली आणि तिनं दोघांनाही उद्या यायला सांगितलं. दादाचा आवाज जाड होता. तो चालताना शीळ घाली, पण त्याला एकच चाल येत होती आणि तीही अर्धीच. कांदा त्याला चालत नसे. पत्ते खेळताना पत्ते डोळ्यांशी इतके जवळ धरी, की दुसऱ्यांना मागून सगळे दिसत, तरी कसा कोण जाणे, जिंके. बाबा एक एक गोष्ट दोनदा विचारून घेत होते. "अर्धीच? कुठपर्यंत?" आजोबांनी फाटक्या आवाजात शीळ घालून दाखवली. बाबांनी ती उचलली, चुकली, पुन्हा घातली. त्यांना शीळ येते हे तिला ठाऊक नव्हतं.

मग बाबाच म्हणाले, "आलाच आहात तर नंबरही बघून घ्या." या वेळी आजोबांनी तक्ता खराखुरा वाचला आणि चौथ्या ओळीतच गाडी अडली. नातजावयानं दिलेला नंबर जुना झाला होता. बाबांनी स्वतः काचा घासल्या, फ्रेममध्ये बसवल्या, काड्या त्यांच्या कानांमागे वळवून पाहिल्या. आजोबा खिसा चाचपू लागले तेव्हा बाबांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की त्यांनी हात बाहेर काढला.

बसथांब्यावर पोचवायला ती गेली. नव्या चष्म्यातून दिसेल ती पाटी आजोबा मोठ्यानं वाचत होते: दुकानाची, डॉक्टरची, 'येथे वाहने लावू नयेत'ची. पावलं सकाळपेक्षा हलकी पडत होती. तिच्या मनात मात्र वेगळंच होतं. आजोबांना कधीतरी हिशेब जुळला तर? वर्तमानपत्राच्या पुढच्या पुरवणीत कुणी बाबांचं वय छापलं तर?

बस लागलेलीच होती. पहिल्या पायरीवर चढून, दांडा धरून ते वळले.

"तुझ्या वडिलांबद्दल मास्तर फार बोलायचा," ते म्हणाले. "म्हणायचा, घरी माझं एक शेपूट आहे. चार वर्षांचं. माझा चष्मा पळवतं आणि पिठाच्या डब्यात लपवून ठेवतं. लढाईवरून परत गेलो, की आधी त्याला अक्षरं शिकवणार आहे."

आजोबांनी चष्मा उगाच नीट केला.

"भला माणूस आहे तुझा बाप," ते म्हणाले. "भावावर गेलाय. त्याला सांग, मला आज शांत झोप लागेल."

दार लागलं. "पुढच्या महिन्यात येतो पुन्हा," ते खिडकीतून ओरडले. त्यांचा हात बराच वेळ हलत होता.

ती परतली तेव्हा बाबा काचांच्या पेटीसमोर बसून चुकीच्या खाचेतली काच काढून योग्य जागी ठेवत होते.

"बस मिळाली?"

"मिळाली."

"काही म्हणाले?"

तिनं पर्स टेबलावर ठेवली. "काकांचा चष्मा तुम्ही पळवायचात म्हणे. पिठाच्या डब्यात लपवायचात."

बाबांचा हात थांबला.

"मी?"

"काकाच सांगायचे त्यांना."

बाबा एकदम हसायला लागले. हसता हसता स्वतःचा चष्मा काढून एप्रनच्या टोकानं पुसू लागले, आणि एप्रनवर भुकटी आहे हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. काचा आणखीच पांढऱ्या झाल्या.

"पिठाच्या डब्यात," ते म्हणाले. "आणखी काय म्हणाले?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. डोळे तपासायला."

"अगं, नंबर तर आजच दिलाय."

"हो ना," ती म्हणाली. "तरी येणार आहेत."